‘भरलं!’ ही हाक: गेममध्ये मरणाचं दुःख कुठे ठेवायचं

प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातले तिघं मित्र मोबाईलसाठी गेम बनवताहेत. कापूसवाल्या घरातला बाप मरतो आणि अठरा वर्षांची पोरगी वावर सांभाळते. सुरुवातीला दीड मिनिटाचा व्हिडिओ आहे: पाऊस, बाजेवर निजलेला बाप, मागे बासरी. मग पेरणी, डवरणी, वेचणी. दहा-बारा जणांना खेळायला दिला. बहुतेकांनी व्हिडिओ पुढे ढकलला, दोघं चक्क हसले, आणि शेवटी सगळ्यांनी विचारलं, ‘कापसाला भाव किती मिळतो याच्यात?’ चुकलं कुठे?

व्हिडिओ चांगला की वाईट, हा मुद्दाच नाही. खेळणाऱ्याला तो बाप भेटलाच नव्हता. सिनेमात माणसाची ओळख डोळ्यांना झाली तरी भागतं, गेममध्ये ती बोटांना व्हावी लागते. म्हणून लिहायला बसण्याआधी एका वाक्यात उत्तर द्या: हा माणूस गेल्यावर खेळणाऱ्याच्या हातातलं नेमकं कोणतं काम अडलं? उत्तर ‘तिला एकटं वाटतं’ असं येत असेल तर गेम अजून सुरूच झालेला नाही. ‘विहिरीवरून पाणी सोडल्यावर पलीकडच्या धुऱ्यावरून (बांधावरून) सांगणारं कोणी उरलं नाही’ असं येत असेल तर झाला. या धुऱ्याकडे पुढे सविस्तर येतो.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे ‘ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स’ (2013). दोन भाऊ, आणि एकच खेळणारा. कंट्रोलरची डावी काडी आणि डावं बटण मोठ्या भावाचं, उजवी काडी आणि उजवं बटण धाकट्याचं. धाकट्याला पाण्याची भीती, त्यामुळे नदी आली की तो मोठ्याच्या पाठीला धरून जातो. मोठा मरतो. शेवटी धाकट्यासमोर पुन्हा पाणी येतं. त्याचं स्वतःचं बटण दाबलं की तो कचरतो. काही वेळाने खेळणारा मेलेल्या भावाचं बटण दाबून पाहतो, आणि धाकटा पोहायला लागतो. एक शब्द बोलला जात नाही. डाव्या बोटाला तोवर मोठ्या भावाची सवय झालेली असते, आणि ते बोट मध्यंतरी रिकामं पडलेलं असतं. परिणाम त्या रिकामेपणाचा आहे, मरणाच्या दृश्याचा फार थोडा.

लगेच कोणी म्हणेल, ‘द लास्ट ऑफ अस’मध्ये (2013) तर मुलगी सुरुवातीलाच मरते, तरी लोक हादरतातच की. बरोबर आहे, पण त्या सुरुवातीत आधी खेळणाऱ्याच्याच हातात ती मुलगी दिलेली असते. रात्री अंधाऱ्या घरात बापाला शोधत तिलाच चालवायचं असतं. मग ताबा बापाकडे जातो आणि तिला उचलून पळायचं असतं. मरण लवकर आलं तरी चालतं. बोटांची ओळख त्याआधी झालेली हवी, एवढीच अट आहे.

तुमचे दोघं का हसले, त्याचंही उत्तर एका प्रसिद्ध फजितीत आहे. ‘कॉल ऑफ ड्यूटी: अ‍ॅडव्हान्स्ड वॉरफेअर’मध्ये (2014) मित्राच्या शवपेटीसमोर पडद्यावर सूचना येते: आदरांजलीसाठी ‘एफ’ दाबा. आज इंटरनेटवर कोणाचा मोबाईल फुटला तरी लोक खाली ‘एफ’ लिहितात, ते तिथूनच आलं. जे बटण एरवी दार उघडायला किंवा हत्यार उचलायला लागतं, त्याच सुरात दुःख करायला सांगितलं. करायचं की नाही ही निवडही नाही, आणि केल्याने काही बदलतही नाही. तुमच्या गेममध्ये ‘बाबांना पाणी पाजा’ अशी चौकट आहे असं तुम्ही लिहिलंय. ती आधी काढा.

आता ओलिताचं बघू. तुमच्या घरातलं मुख्य पीक कापूसच राहू द्या, पण विहिरीवरचा दोनेक एकर गहू गेमच्या मधोमध आणा. कारण गव्हाच्या पाण्याचं वेळापत्रक पक्कं असतं: पेरणीनंतर साधारण 18 ते 21 दिवसांनी पहिलं पाणी, 40 ते 42 दिवसांनी दुसरं, 60 ते 65 ला तिसरं, 80 ते 85 ला चौथं. पेरणी 15 नोव्हेंबरची धरली तर दुसरं पाणी 27 डिसेंबरच्या आसपास येतं आणि तिसरं 14 जानेवारीला. बाप 30 डिसेंबरला गेला तर दहावा 8 तारखेला, तेरवी 11 ला. म्हणजे तिसरं पाणी तेरवीनंतर तीन दिवसांत, ऐन संक्रांतीच्या रात्री. गावात तिळगूळ, आणि ही पोरगी बॅटरी घेऊन वावरात. हे वेळापत्रक पिकानेच दिलंय, लेखकाला काही जुळवून आणावं लागत नाही.

खेळण्याची रचना अशी ठेवा. रात्रीची वीज, मोटार सुरू, पाणी दांडातून (मातीच्या पाटातून) येतंय. गव्हाचे आठ सारे, म्हणजे मातीच्या बांधांमधले लांब पट्टे. पोरगी दांडाजवळ फावडं घेऊन: बोट वर ओढलं की नाका (साऱ्याचं तोंड) फुटतो, खाली ओढलं की मातीने बंद होतो. बाप साऱ्याच्या पार पलीकडच्या टोकाला, अंधारात, फक्त त्याच्या बॅटरीचा ठिपका दिसतो. पाणी टोकाला पोचायला 25 सेकंद. पोचलं की ठिपका हलतो आणि हाक येते, ‘भरलं!’ पोरगी नाका बुजवते आणि पुढचा उघडते. आठ साऱ्यांना 200 सेकंद. वीज 225 सेकंदांनी जाते, म्हणजे थोडी सवड आहे. पहिलं आणि दुसरं पाणी मिळून सोळा हाका होतात. सवय लागायला इतक्या पुरतात. आठाच्या खाली गेलात तर हाक ही नुसती सजावट वाटते, पंचवीसच्या वर गेलात तर कंटाळा येतो.

हाकेचे किमान पाच वेगळे नमुने ध्वनिमुद्रित करा. एकात खोकला, एकात नुसतं ‘हं, भरलं’, एकात ‘भरलं वं माय, बुजव’. खोलीत बसून बोलून नंतर संगणकात घुमारा घालू नका, ते नाटकाच्या भोंग्यासारखं वाटतं. माणसाला खरंच तीसेक मीटरवर उभा करा, रात्री, वारा नसताना, आणि तिथून ओरडायला लावा. लांबून आलेला आवाज वेगळाच लागतो, तो तसाच हवा.

तिसऱ्या पाण्याला तोच पडदा, तेच आठ सारे, तीच मोटार. पलीकडे अंधार. कसलीही सूचना देऊ नका. खेळणारा नाका फोडेल आणि थांबेल. पंचविसाव्या सेकंदाला काही होत नाही. चाळिसाव्या सेकंदाला टोकाचा बांध फुटून पाणी शेजाऱ्याच्या वावरात जातं. पुढच्या साऱ्याला तो शहाणा होतो: नाका फोडून स्वतःच चालत टोकाला जातो (12 सेकंद), पाणी पोचेपर्यंत तिथे उभा राहतो, मग परत येऊन नाका बुजवतो (आणखी 12). एका साऱ्याला 25 ऐवजी 37 सेकंद. वीज त्याच 225 सेकंदांना जाते. अगदी न चुकता केलं तरी सहाच सारे होतात, दोन कोरडे राहतात. ते दोन पुढे काढणीपर्यंत पिवळे आणि खुरटे दिसू द्या. त्यांच्यावर बोट ठेवलं तरी काही लिहून येऊ नये.

इथे तीन गोष्टींचा मोह होतो. पहिला म्हणजे तिसऱ्या पाण्याला बापाची जुनी हाक घुमवणं. ती वाजली की खेळणाऱ्याला नाका बुजवायची खूण मिळाली, म्हणजे बाप कामाला आहेच. तेव्हा ती अजिबात नको. दुसरा मोह संगीताचा: मोटार, रातकिडे आणि दांडातलं पाणी एवढंच पुरे. तिसरा मोह वेळ दाखवणाऱ्या पट्टीचा. पट्टी आली की माणूस पट्टी बघतो, पलीकडच्या अंधाराकडे बघत नाही.

चौथ्या पाण्याला, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, काहीतरी वेगळं घडतं आणि ते तुम्हाला लिहावंही लागत नाही. खेळणारा न जाताच मनात आकडे मोजून बुजवायला लागतो, आठच्या आठ सारे होतात. बापाचं काम त्याच्या अंगात उतरलं. पोरीच्या धाकट्या भावाला टोकाला उभं करायचं असेल तर ते याच रात्री, आधी नाही, आणि त्याची हाक कधी एकोणिसाव्या सेकंदाला यावी, कधी तिसाव्या. बापाची जागा भरली, असं वाटता कामा नये.

यावरून दुःखाच्या पाच पायऱ्यांबद्दल. तुम्ही पाच टप्प्यांचे पाच लेव्हल करणार होतात: नाकारणं, राग, सौदा, खिन्नता, स्वीकार. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 साली हे मांडलं ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांचा अभ्यास करून नव्हे. मागे राहिलेल्यांसाठी मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांची 1999 ची मांडणी गेमला जास्त उपयोगी पडते. माणूस गेलेल्याची आठवण आणि रोजची नवी कामं यांच्यात झोके घेत असतो, आज इकडे, उद्या तिकडे, एकाच दिवसात दोन्हीकडेही. शेतीच्या गेमला हे आयतंच जमतं, कारण झोक्याची एक बाजू म्हणजे तुमची पिकं. लेव्हल पाडलेत तर पाचवा संपला की दुःख संपलं असा अर्थ निघतो. त्याच कारणाने ‘दुःख 70 टक्के’ असा आकडाही नको. आकडा दिसला की लोक तो कमी करायचे मार्ग शोधतात, आणि मग तिसऱ्या दिवशी पोरगी सारखी झाडाखाली बसलेली दिसते, कारण तिथे आकडा लवकर उतरतो.

दहाव्याचा प्रसंग तुमच्या आराखड्यात दोन ओळींचा आहे. त्याला गेममध्ये भरपूर जागा द्या, कारण आपल्याकडे ही गोष्ट आधीच खेळासारखी रचलेली आहे. नदीच्या काठी पिंड ठेवलाय, माणसं मागे सरकून उभी, आणि कावळा शिवत नाही. मग एकेक जण पुढे येऊन गेलेल्याला शब्द देतो: पोरीचं लग्न करू, कर्ज फेडू, काळजी करू नको. खेळणाऱ्याला इथे चार शब्द द्या. ‘धाकट्याले शिकवतो.’ ‘वावर इकत नाही.’ ‘सोसायटीचं कर्ज फेडतो.’ ‘आईले अंतर देत नाही.’ वाटेल तो निवडावा, वाटेल तितक्यांदा. कावळा मात्र 40 ते 70 सेकंदांत कधीतरी येतोच, कोणता शब्द दिला याच्याशी त्याचा काही संबंध नाही, एखादा दिला की पुरे. तो येण्याआधी दिलेला शेवटचा शब्द तेवढा गेमने लक्षात ठेवायचा. खेळणाऱ्याला खात्री वाटते की बापाला तोच ऐकायचा होता, आणि पुढे व्यापारी वावराचा सौदा घेऊन येतो तेव्हा आपला शब्द त्याचा तोच आठवतो. सौदा बंद करू नका. ‘इकतो’ हे बटण दाबता आलं पाहिजे. त्या वेळी फक्त एक कावळा ओरडू द्या.

याच्यात काय बिघडतं? 70 सेकंदांच्या वर गेलात तर लोकांना गेम अडकला असं वाटून ते बंद करतात. म्हणून मागे काहीतरी हलतं ठेवा: वारा, काठावरची शेळी, घड्याळ बघणारा काका. कोणी एकही शब्द दिला नाही तर कावळा येऊच नये. मग भटजी दर्भाचा कावळा करतो, तो पिंडाला लावतो, आणि सगळे न बोलता परत निघतात. हा रस्ता थोड्याच लोकांना सापडेल, पण ज्याला सापडेल तो तो विसरणार नाही.

आधी एक मात्र नक्की करा की हे घर कोणाचं आहे. विदर्भात दर घरी कावळा आणि तेरवी नसते. बौद्ध घरात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, पिंड नसतो. मुसलमान घरात चाळीसावा. गोंड कुटुंबाच्या रीती आणखी वेगळ्या. ‘सगळ्यांना चालेल असं’ गोलमाल घर बनवलंत तर ते कोणाचंच वाटणार नाही. आणि घर बदललं तर दहाव्याच्या जागी वेगळा प्रसंग उभारावा लागेल, नुसते कपडे बदलून भागणार नाही.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात, पण गाळू नका. ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला, मग तलाठ्याकडे वारसाचा अर्ज, गाव नमुना 6-क म्हणजे वारस नोंदवही, मग फेरफार, पंधरा दिवसांची नोटीस, मंडळ अधिकाऱ्याची सही. प्रत्येक फॉर्मवर पोरीला बापाच्या नावाआधी ‘मयत’ लिहावं लागतं. कीबोर्डवरून ती तीन अक्षरं खेळणाऱ्यालाच टंकू द्या, आपोआप भरून देऊ नका. जुन्या हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर गेलेल्याच्या नावाला कंस पडायचा. तो एक कंस पडद्यावर काढायला लावलात तर तुमच्या दीड मिनिटाच्या व्हिडिओची गरजच उरणार नाही.

वस्तूंच्या बाबतीत नियम एकच: बाप गेल्यावर त्याची कोणतीही वस्तू कोडमधून उडवू नका. दुपट्टा खुंटीवर, चुन्याची डबी कोनाड्यात, फोनमध्ये ‘बाबा’ नावाचा नंबर. ‘स्पिरिटफेअरर’मध्ये (2020) निरोप दिलेल्या प्रत्येक प्रवाशाचं रिकामं घर नावेवर उरतं, जागा अडवून. तुमच्याकडे तो मान फोनला द्या. नंबर लावला की ‘सध्या बंद आहे’. पुन्हा लावला तरी तेच. गेममधल्या सहा-सात महिन्यांनंतर, खरिपाच्या धांदलीत, कोणी लावलाच तर पलीकडून परका माणूस: ‘कोन बोलून रायलं?’ बंद पडलेले नंबर काही काळाने दुसऱ्याला दिले जातात, त्यामुळे हे खोटं वाटणार नाही. निम्म्या लोकांच्या हे लक्षातही येणार नाही. चालेल.

बाप कशाने मेला, हे तुम्ही मोकळं ठेवलंय. विदर्भ म्हटलं की बाहेरचा वाचक आत्महत्याच धरून चालतो. तुम्ही त्याला तेच द्यायला बांधलेले नाही: साप चावतो, विजेचा धक्का बसतो, हृदय बंद पडतं, ट्रॅक्टर उलटतो. वरची सगळी रचना यातल्या कशावरही चालते. आत्महत्याच हवी असेल तर पद्धत दाखवू नका, औषधाचा डबा तर नाहीच, चिठ्ठी नको, आणि मरणामुळे कर्ज सुटलं किंवा मदत मिळाली असा हिशेब कथेत बसू देऊ नका. एकच कारण सांगून मोकळे होऊ नका. ज्या घरात हे घडलंय अशा घरातली पोरंही तुमचा गेम खेळणार आहेत. पहिल्या पडद्यावर आणि सेटिंगमध्ये टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर ठेवा, आणि तो प्रसंग ओलांडून पुढे जायचं बटणही. इथे ‘स्किप’ला हरकत घेऊ नका.

पोरगी स्वतः गेममध्ये मरता कामा नये. ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं दहा वेळा आलं की मरण ही दोन सेकंदांची अडचण होऊन बसते, आणि त्याच गेममध्ये बापाचं मरण कायमचं आहे हे पटत नाही. सेव्हची जागाही एकच ठेवा, आणि 30 डिसेंबर उलटला की गेमने आपोआप जतन करावं, नाहीतर लोक मागे जाऊन बापाला वाचवायचा उपाय शोधतात. शोधू देत, पण तो सापडेल अशी आशा गेमने दाखवू नये. ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’मध्ये (2016), जो एका जोडप्याने आपल्या आजारी मुलावर बनवला, रडणाऱ्या बाळाला शांत करायला खेळणारा सगळं करून पाहतो आणि काहीच चालत नाही. असं तुमच्या गेममध्ये एकदाच चालेल, दुसऱ्यांदा ते फसवणूक वाटतं.

आता देवनागरीचं. तुम्ही पाठवलेल्या चित्रात ‘स्थिती’ची पहिली वेलांटी सुटून भलत्याच जागी बसलीय. ती तुमची चूक नाही, युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधल्या टेक्स्टमेशप्रोला (अक्षरं दाखवणाऱ्या भागाला) जोडाक्षरं नीट जुळवता येत नाहीत. गोदो 4 (मार्च 2023 पासून) हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर ती स्वतः जुळवतं. पण संवाद एकेक अक्षर उमटवत असाल तर लेबलमधलं ‘व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेवियर’ बदलून ‘आफ्टर शेपिंग’ करा, नाहीतर ‘क्ष’ आधी ‘क’ म्हणून दिसतो आणि मग उडी मारतो. गंभीर वाक्य असं लटपटत आलं की माणूस हसतो. तुमच्या दोघांपैकी एक कदाचित त्यामुळेच हसला असेल. फॉन्ट मुक्ता घ्या, फुकट आहे आणि उन्हात, स्वस्त फोनवरही वाचता येतो.

चाचणी घेताना ‘कसं वाटलं?’ विचारू नका, गावात सगळे ‘मस्त आहे’च म्हणतात. पाच जणांना एकेकटं बसवा, मागे उभे राहा आणि तिसऱ्या पाण्याच्या पहिल्या साऱ्याला फक्त अंगठ्याकडे बघा. पंचविसाव्या सेकंदाला अंगठा पडद्याजवळ येऊन थांबला, म्हणजे तो हाकेची वाट बघतोय. पाचातले तीन थांबले तर पुढे जा. अंगठा आधीच खाली आला, तर सोळा हाका कमी पडल्या किंवा पंचवीस सेकंद फार झाले. पहिल्यांदा सेकंद 20 वर आणून बघा, हाका वाढवायला नंतर घ्या.